भाताचा तरवा (लावणीची रोपं) खुंटलाय, पऱ्याला रंगीत पाणी येतंय, रोपांना काय टाकू?

पत्र असं आलंय:

"नमस्कार. आमचं गाव खाडीकाठी आहे, वरच्या अंगाला कारखाने आहेत. वीस गुंठे भातशेती, मिस्टर मुंबईला, त्यामुळे शेती मी आणि सासूबाईच बघतो. पहिला मोठा पाऊस झाला की वरून पऱ्याला (ओढ्याला) रंगीत पाणी येतं आणि ते आमच्या कुणग्यात (भाताच्या खाचरात) घुसतं. ह्या वर्षी राब (रोपं करायचा भाजलेला वाफा) नेमका पऱ्याच्या कडेलाच केला. रोपं वीस दिवसांची झाली तरी वीतभर नाहीत, पानं पिवळट, उपटून बघितली तर मुळं आखूड आणि तपकिरी. दुकानदाराने 'हेवी मेटल ब्लॉकर' म्हणून एक बाटली दिलीय, लेबलचा फोटो पाठवतेय. मृदा आरोग्य पत्रिका काढलेली आहे, त्यात सगळं ठीक आहे. रोपांना नक्की काय टाकू म्हणजे ती तग धरतील? आणि मागच्या वर्षीचं भात घरात आहे, पोरं तेच खातात, खाऊ द्यावं का?"

ताई, नमस्कार.

आधी बाटलीचं सांगतो. सील फोडलं नसेल तर परत द्या. लेबलवर ह्युमिक ॲसिड, समुद्री शेवाळाचा अर्क आणि थोडं सिलिकॉन एवढंच लिहिलंय, ह्या वस्तू वाईट नाहीत, रोपाला थोडी उभारी देतात, पण जमिनीतला धातू त्यानं कुठं जात नाही. शिसं, कॅडमियम, क्रोमियम ही मूलद्रव्यं आहेत, ती कुजत नाहीत, उन्हानं उडत नाहीत, कुठला जिवाणू त्यांना खाऊन संपवत नाही. ती एकतर मातीला घट्ट धरून बसतात नाहीतर पाण्यात सुटतात आणि मुळातून वर चढतात. आपल्या हातात काय आहे तर ती मातीलाच धरून बसतील अशी जमीन ठेवायची आणि नवीन धातू शेतात येऊ द्यायचा नाही. हे बाटलीतनं होत नाही.

दुसरं एक अगदी सरळ सांगतो, कारण ते सांगितलं नाही तर माझा पुढचा सगळा सल्ला उलटा पडेल. रोप जगवणं हे एक काम आहे आणि त्या रोपाचा तांदूळ खाण्यालायक राहील हे बघणं हे दुसरं काम आहे. ह्या वर्षीच्या तरव्याबद्दल तुम्ही विचारलंय फक्त पहिलं. कॅडमियमची खोड अशी की भाताला वरून फारसं काही दिसत नाही तरी तो दाण्यात जमत राहतो, मुळं त्याला मँगॅनीजच्याच वाटेनं आत घेतात. म्हणजे एखादं औषध मारून तरवा हिरवागार केला, लावणी झाली, पीक चांगलं आलं, आणि दाण्यात नको तेवढं कॅडमियम, असं होऊ शकतं. म्हणून आज तुमचा तरवा पिवळा पडलाय हे मी एका अर्थी बरंच समजतो, निदान लावणीच्या आधी कळलं तरी.

आता पत्रिकेचं. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगॅनीज, बोरॉन, सामू (जमीन किती आंबट ते सांगणारा आकडा, पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. ह्यात कॅडमियम नाही, शिसं नाही, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक काहीच नाही. २०१५ ला ही योजना सुरू झाली ती खताचा हिशोब नीट व्हावा म्हणून, प्रदूषण शोधायला नाही. त्यामुळे पत्रिका ठीक आहे म्हणजे जमीन स्वच्छ आहे असं धरून चालू नका. पण ती फेकूनही देऊ नका, त्यातले सामू आणि क्षारता हे दोन आकडे आपल्याला पुढे फार लागणार आहेत.

पण हा धातूचाच त्रास आहे हे तरी कशावरून? आपल्या कोकणात तरवा पिवळा पडायची कारणं एक नाही चार आहेत आणि वरून ती सगळी सारखीच दिसतात. खाडीकाठ म्हणजे खारं पाणी आलं, त्यात पानाची टोकं आधी करपतात, पांढरट होतात आणि तिथून खाली सुकत येतात. जांभ्याची जमीन म्हणजे लोह भरपूर, डोंगराच्या पायथ्याला पाझर लागतो अशा कुणग्यात जुन्या पानांवर तांबूस बारीक ठिपके पडतात आणि मग अख्खं पान तांबूस होतं, तो लोहाचाच जास्तपणा, त्याचा कारखान्याशी काही संबंध नाही. जस्त कमी पडलं तरी रोप खुजं राहतं आणि पानावर गंजासारखे डाग येतात. आणि सामू ५ च्या खाली गेला की जमिनीतलं ॲल्युमिनियम सुटतं, त्यानं तर मुळं हुबेहूब तुम्ही लिहिलंय तशीच आखूड आणि जाडसर होतात. मी कारखान्यांची बाजू घेत नाहीये, पऱ्याला रंगीत पाणी येतं ही गोष्ट साधी नाहीच, पण पुढे तक्रार करायची वेळ आली तर समोरचा पहिलं हेच म्हणणार की तुमची जमीनच आंबट आहे, म्हणून आपलं आपण आधी तपासून ठेवायचं.

त्यासाठी एक काम आजच करा, पैसे लागत नाहीत. चार कुंड्या घ्या, नाहीतर तेलाचे रिकामे डबे स्वच्छ धुवून खाली भोकं पाडून घ्या. पहिल्यात वरच्या वरकसातली (डोंगरउतारावरच्या जमिनीतली) माती आणि विहिरीचं पाणी. दुसऱ्यात वरकसातलीच माती पण पाणी पऱ्याचं. तिसऱ्यात राबातली माती आणि विहिरीचं पाणी. चौथ्यात राबातली माती, त्यात दोन मुठी तुसाची काळी राख आणि चिमूटभर विरलेला चुना नीट मिसळून, पाणी विहिरीचं. प्रत्येकात एकाच पिशवीतलं वीस-वीस दाणे मोड आलेलं बी टाका, पावसाचं पाणी आत जाणार नाही पण ऊन लागेल अशा पडवीत ठेवा, आणि बारा-पंधरा दिवसांनी माती न झटकता अख्खा गड्डा पाण्याच्या बादलीत बुडवून हळूहळू मोकळा करा. मग रोपं पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडून मुळांकडे बघा, पानांकडे नंतर. चांगलं मूळ लांब असतं, त्याला बारीक बारीक केसासारखे फाटे असतात आणि टोक पांढरं असतं. धातूनं किंवा ॲल्युमिनियमनं मारलेलं मूळ आखूड, जाड, टोकाला तपकिरी, फाटे जवळजवळ नाहीतच. दुसऱ्या कुंडीतली बिघडली तर दोष पाण्याचा, तिसरीतली बिघडली तर माती खराब झालीय, आणि चौथीतली तिसरीपेक्षा सुधारलेली दिसली तर राख-चुन्याचा तुमच्या मातीला उपयोग आहे. कुठला धातू आणि किती ते ह्यातून कळणार नाही, पण पैसे खर्च करायच्या आधी कुठं बघायचं ते कळेल.

एक गोष्ट ह्यात घाबरवते म्हणून आधीच सांगतो. भाताची मुळं उभ्या पाण्यात वाढली की त्यांच्यावर लालसर तांबूस पापुद्रा चढतो. तो लोहाचा असतो, मुळातून बाहेर येणाऱ्या प्राणवायूनं पाण्यातलं लोह मुळाच्या अंगावरच गंजतं. त्यात आर्सेनिक आणि इतर काही धातू अडकून बसतात, म्हणजे तो पापुद्रा रोपाच्या फायद्याचाच आहे, ओरबाडून काढू नका. लाल मूळ पण टोक पांढरं आणि फाटे भरपूर, तर ते चांगलं. काळं मूळ आणि सडक्या अंड्याचा वास, तर तो पाणी साचून हवा न मिळाल्याचा त्रास, तो वेगळा.

आता सँपल. माती ० ते १५ सेंटीमीटर खोलीची, प्रत्येक जागी आठ-दहा ठिकाणची घेऊन एकत्र करायची, त्यातली अर्धा किलो ठेवायची. खुरपं लाकडी किंवा प्लास्टिकचं घ्या, गॅल्वनाइज्ड पत्र्याचं घमेलं वापरू नका कारण त्याचं जस्त मातीत उतरतं, आणि वाळवताना वर्तमानपत्रावर पसरू नका, कोऱ्या प्लास्टिकवर सावलीत वाळवा. सँपल कुठून घ्यायचं हे सगळ्यात महत्त्वाचं: पऱ्याचं पाणी जिथून कुणग्यात शिरतं त्या तोंडाजवळचं एक, मधलं एक, पाणी बाहेर पडतं त्या कोपऱ्यातलं एक, आणि जिथं हे पाणी कधीच पोचत नाही अशा वरकसातलं एक. पाण्यातून आलेला धातू गाळाबरोबर तोंडाशीच जास्त बसतो, त्यामुळे तोंडाशी आकडा मोठा आणि लांब जाऊ तसा कमी अशी उतरण दिसली तर तो पाण्यानंच आणलाय हे कुणालाही मान्य करावं लागतं. पैशाची ओढाताण असेल तर तोंडाचं आणि वरकसाचं एवढी दोनच द्या, पण ती दोन द्याच. कृषी विज्ञान केंद्रात विचारा, त्यांच्याकडे सोय नसली तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यतेची लॅब बघा आणि कॅडमियम, शिसं, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक असं नाव घेऊन सांगा, जोडीला सामू, क्षारता आणि चुन्याची गरज. एकूण धातू किती आणि त्यातला पिकाला मिळेल असा किती, हे दोन्ही आकडे मागा.

रिपोर्ट यायला वेळ लागणार आणि लावणी थांबणार नाही, म्हणून ह्या हंगामाचं आत्ताच ठरवून टाकू.

हा तरवा लावू नका. वाईट वाटतंय मला लिहायला, भाजावळ करून, बी टाकून, सासूबाईंनी पक्षी राखून जगवलेली रोपं आहेत ती, पण ज्याची मुळं वीस दिवसांत खुंटली ते रोप लावणीचा धक्का सोसत नाही, सोसलं तरी फुटवे धरत नाही. त्यापेक्षा हळव्या भाताचं बी आणा, कर्जत-१८४ किंवा रत्नागिरी-१ सारखं, शंभर ते एकशेपंधरा दिवसांत निघणारं, आणि नवीन रोपं घराजवळ अंगणात चटईवर करा. जमीन सपाट करून प्लास्टिक अंथरायचं, त्यावर वरकसातली चाळलेली माती, घरचं जुनं शेणखत आणि तुसाची काळी राख ह्यांचा दोनेक सेंटीमीटरचा थर द्यायचा, त्यावर मोड आलेलं बी पसरायचं आणि विहिरीच्या पाण्यानं झारीनं भिजवायचं. वीस गुंठ्यांना आठ-दहा किलो बी आणि वीसएक चौरस मीटर जागा पुरते. पंधरा ते अठरा दिवसांत रोपं लावणीला येतात आणि चटईसारखी गुंडाळून शेतात नेता येतात. मुख्य फायदा असा की बाळमुळांना दूषित मातीचा एक कणही लागत नाही, आणि धातूचा सगळ्यात जास्त मार बसतो तो ह्याच बाळमुळांना, एकदा मूळ खोल आणि फाट्यांचं झालं की रोप बऱ्याच गोष्टी सहन करतं.

बी टाकायच्या आधी मिठाच्या पाण्याचं विसरू नका, १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, बी त्यात ओतलं की पोकळ दाणे तरंगतात, ते काढून टाकायचे, खाली बसलेलं दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुवायचं. हे धातूवरचं औषध नाही, पण जड दाण्याचं रोप पहिल्यापासून जोमदार असतं आणि ताणात तेच टिकतं. सॅलिसिलिक ॲसिडमध्ये बी भिजवणं, सिलिकॉनच्या द्रावणात भिजवणं ह्याचे प्रयोग झालेत आणि ट्रेमधल्या रोपांना फायदा दिसलाय, पण त्याची मात्रा घरी सांभाळणं कठीण, जास्त झाली तर बीच मरतं, आणि सिलिकॉन तर तुसाच्या राखेत फुकट आहे.

ह्या काळ्या राखेबद्दल दोन शब्द जास्त लिहितो कारण माझ्या मते तुमच्यासाठी ही बाटलीपेक्षा शंभरपट मोलाची आहे. चारसूत्री भातशेतीत (चार नियमांची सुधारित लागवड पद्धत) पहिलंच सूत्र हे आहे, गादीवाफ्यावर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख वरच्या थरात मिसळायची. पांढरी राख नाही, अर्धवट जळलेली काळी. त्यातून रोपाला सिलिका मिळते, खोड कडक होतं, पानं ताठ उभी राहतात. आर्सेनिक भाताच्या मुळात सिलिकाच्याच दारातून शिरतं, सिलिका भरपूर असली की त्याची गर्दी कमी होते. कॅडमियमही मुळातच अडकून राहायला सिलिकाची मदत होते, आणि अर्धवट जळलेला कोळसा धातू थोडाफार धरूनही ठेवतो. फक्त तूस कुठल्या भाताचं आहे ते बघा, तुमच्याच दूषित कुणग्यातल्या भाताचं नको, गिरणीतून लांबच्या गावचं आणा.

भाजावळीचंही असंच. शेण, टाहाळ, कवळं, पाचोळा भाजला की राखेनं जमिनीचा आंबटपणा थोडा कमी होतो, जुन्या माणसांनी हे उगाच केलेलं नाही. पण हल्ली राबावर काय काय जाळतात ते मी बघतो, प्लास्टिकच्या पिशव्या, जुन्या चपला, टायरचे तुकडे, रंग दिलेल्या खिडकीच्या फळ्या. जुन्या रंगात शिसं असतं, टायरमध्ये जस्त आणि बाकी बरंच. तसलं काही तुमच्या राबावर गेलं होतं का ते एकदा घरात विचारा, पऱ्याच्या आधी तेही तपासून घ्यायला हवं.

खाचरातल्या मातीत काय टाकायचं ते मात्र रिपोर्टवर ठरतं, आणि इथंच लोक घाई करतात. सगळे धातू एका जातीचे नाहीत. कॅडमियम, शिसं, निकेल निघालं तर चुना हा पहिला उपाय, आपली जमीन मुळातच आंबट आणि जितकी आंबट तितके हे धातू सुटे होतात, सामू ६ ते ६.५ पर्यंत आणला की बरेचसे मातीला चिकटून बसतात. चुना शेतीचा घ्या किंवा शिंपल्यांचा बारीक केलेला, पण किती ते रिपोर्टमधल्या चुन्याच्या गरजेवरून, लागणीच्या तीन-चार आठवडे आधी, युरियाबरोबर कधीच नाही कारण नत्र उडून जातं, आणि उभ्या रोपांवर कळीचा चुना तर चुकूनही नाही, जळून जातील. पण आर्सेनिक निघालं तर चुन्यानं ते उलट सुटू शकतं, तिथं हात आखडता घ्यायचा. क्रोमियमचा विषारी प्रकार शेणखत-कंपोस्टनं आणि उभ्या पाण्यानं कमी विषारी प्रकारात बदलतो आणि मातीत बसतो, तिथं भर शेणखतावर द्यायची. शिशाला स्फुरद धरतो. जस्त कमी असेल तर हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट म्हणजे तुमच्या वीस गुंठ्यांना ५ किलो, जस्त आणि कॅडमियम एकमेकांच्या जागेसाठी भांडतात त्यामुळे जस्ताची भूक भागलेलं रोप कॅडमियम कमी घेतं, पण जस्त आधीच भरपूर असेल तर टाकू नका, कारण जास्तीचं जस्तही धातूच आहे.

काय टाकू नये हेही लिहितो. अमोनियम सल्फेट शक्यतो नको, जमीन आणखी आंबट होते. शहरातल्या कचऱ्याचं कंपोस्ट घेणार असाल तर तपासणी रिपोर्ट मागा, खत नियंत्रण आदेशात त्याला मर्यादा घालून दिलेल्या आहेत, किलोमागे कॅडमियम ५ आणि शिसं १०० मिलिग्रॅम, रिपोर्ट दाखवत नसेल तर घेऊ नका. वीजकेंद्राची राख, कारखान्यातला 'फुकटचा' गाळ, कितीही चांगला काळाभोर दिसला तरी नको. आणि ईडीटीए चिलेटवाली मायक्रोन्यूट्रियंट अशा जमिनीत ओतू नका, चिलेटचं कामच धातूला विरघळलेला ठेवण्याचं आहे, ते शिशालाही विरघळवतं.

आता पाणी. सगळ्यात आधी पऱ्याचं तोंड बंद. पहिल्या एक-दोन मोठ्या पावसात उन्हाळाभर साचलेलं सगळं धुवून खाली येतं, तेवढं पाणी तरी कुणग्यात येता कामा नये, बांध उंच करा, पाट वळवून कडेनं काढा, शेजाऱ्याशी बोलून करा नाहीतर तुमचं पाणी त्याच्या शेतात जायचं आणि भांडण व्हायचं. बांधाच्या बाहेरून पऱ्याच्या कडेला वाळा लावा, त्याची मुळं खोल जातात, गाळ अडवतात, आणि धातू बराचसा मुळातच धरून ठेवतात, फक्त तो वाळा मग अत्तराला किंवा पाण्याच्या माठात टाकायला वापरू नका. तोंडाजवळ बसलेला गाळ उन्हाळ्यात खरवडून काढा आणि तो दुसऱ्या शेतात पसरू नका, विहिरीपासून लांब एका बाजूला ठेवा.

कॅडमियम निघालं तर लोंबी निसवायच्या (बाहेर पडायच्या) तीन आठवडे आधीपासून तीन आठवडे नंतरपर्यंत शेतात पाणी उभं ठेवायचं, जपानमध्ये हेच करतात. उभ्या पाण्यात कॅडमियम गंधकाबरोबर बांधला जातो आणि सुटत नाही, शेत कोरडं पडून भेगा गेल्या की पुन्हा सुटतो आणि तो नेमका दाणा भरायच्या वेळी वर चढतो. म्हणूनच मी हळवं भात सांगतोय, गरवं (उशिरा तयार होणारं) भात निसवतं तेव्हा आपल्याकडचा पाऊस ओसरायला लागलेला असतो आणि शेतात पाणी ठेवणं आपल्या हातात राहत नाही. आर्सेनिकचं मात्र बरोबर उलटं आहे, उभ्या पाण्यात ते सुटतं, तिथं अधूनमधून शेत सुकवावं लागतं. दोन्ही निघाले तर दोन्ही आकडे बघूनच ठरवावं लागेल, तेव्हा मला कळवा, अंदाजानं करू नका.

पेंढ्याचं राहिलं. चारसूत्रीत पेंढा शेतात गाडायला सांगतात, चांगल्या जमिनीत तो गाडावाच, पण भाताने घेतलेला धातू दाण्यापेक्षा मुळात आणि पेंढ्यात जास्त असतो, त्यामुळे रिपोर्ट येईपर्यंत त्या कुणग्याचा पेंढा परत जमिनीत घालू नका, तसाच वेगळा रचून ठेवा, आणि दुभत्या जनावराला तर नकोच. हिरवळीच्या खताला गिरिपुष्पाचा पाला आहे, तो वरकसाच्या बांधावरचा आणा.

तक्रारीचं तुम्ही विचारलेलं नाही पण ती करा. रंगीत पाणी येईल त्या दिवशी, त्याच वेळी, मोबाईलवर तारीख-वेळ दिसेल असे फोटो, स्वच्छ बाटलीत पाण्याचं सँपल, ग्रामपंचायतीला आणि तलाठ्याला लेखी अर्ज देऊन पंचनामा, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागातल्या ऑफिसला लेखी तक्रार, पोच घेऊन. १९७४ चा पाणी प्रदूषणाचा कायदा आहे, त्यात ओढ्यात-पऱ्यात असलं पाणी सोडायला बंदी आहे. एकटीनं जाऊ नका, त्या पऱ्यावर ज्यांची ज्यांची शेतं आहेत त्यांना घेऊन जा, बायका जास्त असल्या तर फार चांगलं. जमिनीत तुम्ही कितीही चुना आणि राख घाला, वरून येणारं थांबलं नाही तर दरवर्षी तेवढीच भर पडत राहणार.

आणि शेवटचा प्रश्न, घरातल्या भाताचा, जो खरं तर तुम्ही पहिला विचारायला हवा होता. जपानमध्ये तोयामा भागात जिंझू नदीत खाणीतलं कॅडमियम आलं, नदीचं पाणी भाताला गेलं, आणि वर्षानुवर्षं तो तांदूळ खाऊन माणसांची मूत्रपिंडं आणि हाडं गेली. सगळ्यात जास्त त्रास झाला तो बरीच बाळंतपणं झालेल्या, पाळी गेलेल्या बायकांना, साध्या खोकल्यानं हाडं मोडायची. १९६८ मध्ये सरकारनं तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला आणि तिथल्या शेतांची माती बदलायचं काम २०१२ पर्यंत चाललं. हे एका वर्षात होत नाही, पण मूत्रपिंडात गेलेलं कॅडमियम निम्मं व्हायलाही दहा ते तीस वर्षं लागतात, म्हणून मी हे हलक्यात घेऊच शकत नाही.

तेव्हा मागच्या वर्षीच्या भातातलं अर्धा किलो भरडून, तांदूळ करून, अन्न तपासणीच्या लॅबला कॅडमियम, शिसं आणि आर्सेनिकसाठी द्या. आंतरराष्ट्रीय मर्यादा पांढऱ्या तांदळाला कॅडमियम किलोमागे ०.४ मिलिग्रॅम आणि अजैविक आर्सेनिक ०.२ मिलिग्रॅम अशी आहे, आकडा आला की ह्याच्याशी ताडून बघा. रिपोर्ट येईपर्यंत ते भात फेकू नका, विकूही नका, पोत्यांवर खूण करून बाजूला ठेवा आणि पोरांना दुसरीकडचा तांदूळ घाला, वरकसातली नाचणी घाला. आर्सेनिकची शंका असेल तर जास्त पाण्यात शिजवून पाणी ओतून टाकायचं, म्हणजे ती पेज प्यायची नाही, आणि हे मी कोकणात लिहितोय त्यामुळे मला ठाऊक आहे की सकाळची पेज सोडा म्हणणं किती जड आहे, पण महिनाभराचाच प्रश्न आहे. कॅडमियम पाणी ओतून फारसं जात नाही. आणि तुमचं आणि सासूबाईंचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, अंगात लोह कमी असलं की आतडं कॅडमियम जास्त शोषतं आणि आपल्याकडे बायकांचं लोह कमी असतंच, कमी निघालं तर डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू करा.

कुंड्यांचे फोटो पाठवा, मुळं धुतल्यावर पांढऱ्या कागदावर मांडलेले, शेजारी पट्टी ठेवून. आणि हळव्याचं बी उद्याच बघा, आता ते दुकानात फार दिवस राहत नाही.